‘हॉटेल कशाला बे, घर आहे ना आपलं!’ परदेशात मित्राकडे राहायला जाताना व्हिसाच्या फाइलमध्ये नेमकं काय लागतं?

कॉलेजचा जुना ग्रुप. कुणी पॅरिसला, कुणी दुबईला, कुणी लंडनला स्थायिक झालेलं. नागपुरातल्या मित्रानं नुसतं म्हणायचा अवकाश, ‘या वेळी दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन फिरायला जायचा विचार आहे’, की पलीकडून लगेच उत्तर येतं, ‘हॉटेल कशाला बे, घर आहे ना आपलं!’

हिशेबही सोपा वाटतो. चार जणांच्या कुटुंबासाठी युरोपातल्या मोठ्या शहरात आठ-दहा रात्री हॉटेलात काढायच्या म्हणजे विमानाच्या तिकिटांइतकाच खर्च. मित्राकडे राहिलं की तो वाचतो, वर घरचं जेवण, मुलांना सोबत.

अडचण येते ती व्हिसाचा अर्ज भरताना. ‘मुक्कामाचा पत्ता’ या रकान्यात मित्राचा पत्ता टाकला की अर्जाला आणखी कागद जोडावे लागतात, आणि ते नागपुरात मिळत नाहीत. ते मित्राला द्यावे लागतात. काही देशांमध्ये तर पाहुण्याला घरी ठेवणं ही कायदेशीर जबाबदारी असते. म्हणजे आपली सही नसली तरी मित्राची असते.

मैत्रीला पगाराची अट

याचं सगळ्यात ठळक उदाहरण नागपूरकरांच्या ओळखीच्या देशातलंच आहे. शारजा आणि दोहा ही नागपूर विमानतळाची वर्षानुवर्षांची परदेशी ठिकाणं, त्यामुळे विदर्भातल्या अनेकांचा पहिला परदेश प्रवास आखातातच होतो.

संयुक्त अरब अमिरातीनं, म्हणजे यूएईनं, सप्टेंबर २०२५ मध्ये व्हिजिट व्हिसाचे नवे नियम जाहीर केले. तिथे राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावावर कुणाला बोलवायचं असेल, तर त्याचा महिन्याचा पगार किती असावा हे त्यात ठरवून दिलं आहे. आईवडील, मुलं अशा अगदी जवळच्या नात्यासाठी किमान ४,००० दिरहम. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीच्या नातेवाइकासाठी ८,००० दिरहम. आणि मित्रासाठी १५,००० दिरहम.

रुपयांत सांगायचं तर मित्राला बोलवायला महिन्याला साडेतीन लाखांहून जास्त पगार हवा. दुबई-शारजात काम करणाऱ्या सगळ्याच भारतीयांचा पगार इतका नसतो.

ही अट मित्र स्वतः प्रायोजक होत असेल तेव्हाची आहे. विमान कंपनी किंवा ट्रॅव्हल एजंटमार्फत साधा टुरिस्ट व्हिसा काढून मित्राकडे राहता येतं. मात्र २०२४ च्या अखेरीस तिथेही तपासणी कडक झाली. हॉटेलचं बुकिंग नसेल तर ज्याच्याकडे राहणार त्याचा भाडेकरार, एमिरेट्स आयडी, रेसिडेन्स व्हिसाची प्रत आणि संपर्क क्रमांक मागितले जाऊ लागले. परतीचं तिकीट आणि खर्चाला पैसे असल्याचा पुरावा तर लागतोच. त्या काळात कागद अपुरे म्हणून भारतीयांचे अर्ज परत आल्याच्या बातम्या बऱ्याच आल्या होत्या.

आता मित्राला १५ हजारांची आणि नातेवाइकाला ८ हजारांची अट म्हटल्यावर मनात काय येतं, ते उघड आहे. ‘मग त्याला मावसभाऊच दाखवू या की!’

‘काका’ म्हणजे कोण?

इथे मराठी घराची एक गंमत आडवी येते. आपल्याकडे बाबांचा प्रत्येक मित्र ‘काका’ असतो आणि आईची प्रत्येक मैत्रीण ‘मावशी’. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत अधिकाऱ्यानं सात वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘कुणाकडे चाललास?’ तर उत्तर ठरलेलं, ‘काकांकडे.’ आणि फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं ‘फ्रेंड’.

मुलाच्या उत्तरावरून कुणी प्रवेश नाकारत नाही. खरी चूक मोठी माणसं करतात. सवयीनं किंवा कुणाच्या सल्ल्यानं, फॉर्ममध्ये नातं ‘अंकल’ किंवा ‘कझिन’ लिहून मोकळी होतात. व्हिसा अधिकाऱ्याच्या भाषेत मात्र ‘अंकल’ म्हणजे आईचा किंवा वडिलांचा सख्खा भाऊ. नातं लिहिलं की त्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. जन्मदाखल्यावरची नावं जुळली नाहीत, तर साधी सवय खोटी माहिती ठरते.

मित्र असेल तर मित्रच लिहावं. ओळख कधीपासूनची, कुठली, हे दोन ओळींत सांगावं. एकाच कॉलेजच्या पदव्या, लग्नातले फोटो, आधीच्या भेटींची तिकिटं यातलं काही असेल तर उपयोगी पडतं.

फ्रान्स: आधी नगरपालिकेची परवानगी

समजा, मनीषनगरमधलं एक कुटुंब पॅरिसला मित्राकडे निघालंय. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि आजी.

भारतीयांना फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि त्याहून लहान मुलांना शून्य. व्हीएफएसचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

हॉटेलात राहणार असाल तर बुकिंग जोडायचं आणि विषय संपला. घरी राहणार असाल तर ‘आतेस्तासिओं दाक्यई’ नावाचं प्रमाणपत्र लागतं. हे मित्रानं साध्या कागदावर लिहून दिलेलं पत्र नाही. त्याला स्वतः आपल्या भागातल्या ‘मेरी’त, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन अर्ज करावा लागतो. ओळखपत्र, घराच्या मालकीचे किंवा भाड्याचे कागद, उत्पन्नाचा पुरावा, घर किती मोठं आहे आणि त्यात किती माणसं राहतात याचा तपशील, हे सगळं तिथे दाखवावं लागतं. वर सरकारी फी. ती अनेक वर्षं ३० युरो होती, आणि अर्ज फेटाळला तरी तीही परत मिळत नाही.

नवरा-बायको आणि अल्पवयीन मुलं एका अर्जात बसू शकतात. आजीसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी.

अर्जावर सही करताना मित्र एक हमीही देतो. पाहुण्यांना मुक्कामाचा खर्च झेपला नाही तर तो मी उचलेन. घर पाहुण्यांना पुरेसं आहे का, हे बघायला नगरपालिका माणूस पाठवू शकते. त्याला घरात येऊ द्यायला मित्रानं नकार दिला तर घर नियमात बसत नाही असंच धरलं जातं.

पॅरिसमधल्या भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये पाच पाहुणे? मित्राचं मन मोठं असेल, पण नगरपालिका चौरस मीटर मोजते.

आणि हा कागद हाती आल्यावर त्याची मूळ प्रत नागपूरला पाठवावी लागते, कारण व्हिसाच्या अर्जावेळी मूळ प्रत दाखवायची असते. म्हणजे मित्राची नगरपालिकेतली अपॉइंटमेंट, मग प्रमाणपत्र, मग कुरिअर आणि त्यानंतर आपली व्हिसाची अपॉइंटमेंट. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो. दिवाळीचं ठरवायचं असेल तर मित्राला उन्हाळ्यातच फोन केलेला बरा. गणपतीत विचारून हे जमणं कठीण.

जर्मनीत सही, इटलीत पोलीस

शेंगेन म्हणजे सगळीकडे एकच नियम, असा समज आहे. व्हिसा एकच असतो, पण यजमानाकडून काय घ्यायचं ते प्रत्येक देश स्वतः ठरवतो.

जर्मनीत पाहुण्याकडे स्वतःचे पुरेसे पैसे असतील तर मित्राचं साधं आमंत्रणपत्र चालू शकतं. खर्च मित्र करणार असेल तर त्याला परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ हे हमीपत्र द्यावं लागतं. नाव उच्चारायला जितकं जड, तितकाच त्याचा अर्थही. पाहुण्यावर सरकारला खर्च करावा लागला, मग तो राहण्याचा असो, दवाखान्याचा असो किंवा परत पाठवण्याचा, तर तो या मित्राकडून वसूल करता येतो. जर्मन कायद्यात अशी हमी ५ वर्षांपर्यंत लागू राहू शकते. अर्थात पाहुणा वेळेत घरी परतला की प्रत्यक्षात प्रश्न उरत नाही.

इटलीत उलटं आहे. तिथलं काम पाहुणा पोहोचल्यावर सुरू होतं. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरी ठेवलं की यजमानानं ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. न कळवल्यास १६० ते १,१०० युरो दंड आहे. तो यजमानाला होतो, पाहुण्याला नाही. रोममधल्या मित्राला हा नियम ठाऊक असेलच असं समजू नये. अनेक भारतीय कुटुंबांना तो पहिला पाहुणा आल्यावरच कळतो.

स्पेनमध्येही यजमानाला पोलिसांकडून आमंत्रणपत्र काढावं लागतं. नेदरलँड्समध्ये ठरावीक फॉर्म आहे आणि त्यावरची सही नगरपालिकेत प्रमाणित करून घ्यावी लागते.

लंडनचं काय?

ब्रिटनमध्ये असा कुठलाच सरकारी फॉर्म नाही. म्हणूनच तिथे जास्त गोंधळ होतो.

मित्राचं पत्र, त्याच्या पासपोर्टची प्रत, तिथे राहण्याच्या परवानगीचा पुरावा, भाडेकरार किंवा घराचे कागद, आणि तो खर्च करणार असेल तर पगाराच्या स्लिप व बँक स्टेटमेंट. एवढं जोडलं जातं. मित्रानं खर्च उचलायला नियमांची हरकत नाही. मात्र नातं खरं हवं, त्याच्याकडे पैसे हवेत आणि तो स्वतः तिथे नियमानं राहत असला पाहिजे.

पण ‘मित्राचा पगार भक्कम आहे, मग व्हिसा मिळणारच’ हा समज चुकीचा आहे. अधिकारी मुख्यतः नागपूरकडे बघतो. अर्जदाराची नोकरी किंवा धंदा, नियमित उत्पन्न, घर, मुलांची शाळा, आधीचे प्रवास. म्हणजे हा माणूस फिरून परत येईल का, हा प्रश्न. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक आलेले पाच लाख इथे मदत करत नाहीत. उलट ते कुठून आले हे समजावून सांगावं लागतं. व्हिजिटर व्हिसा नाकारला तर साधारणपणे अपील नसतं, नवी फी भरून नवा अर्ज करायचा.

अमेरिकेची पद्धत याच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या परराष्ट्र खात्यानंच स्पष्ट सांगितलंय की व्हिजिटर व्हिसासाठी आमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी लागत नाही. फॉर्ममध्ये मित्राचं नाव, पत्ता, फोन आणि नातं लिहायचं असतं. बाकी निर्णय मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीच्या खिडकीत, काही मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत होतो. अमेरिकेतल्या मित्राकडून नोटरी केलेले कागद मागवण्यात लोक उगाच आठवडे घालवतात.

जपानमध्ये ओळखीच्या माणसाकडे जाणाऱ्याला यजमानाचं कारण सांगणारं पत्र आणि दिवसागणिक कार्यक्रम द्यावा लागतो. थायलंडमध्ये घरमालकानं परदेशी पाहुण्याची खबर २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते.

‘डमी बुकिंग टाकून दे ना!’

एवढं सगळं ऐकल्यावर ग्रुपवर कुणीतरी हा सल्ला देतंच. रद्द करता येणारं हॉटेल बुक करायचं, व्हिसा मिळाला की रद्द करायचं आणि मित्राकडे जायचं. रीलमध्येही हे ‘ट्रॅव्हल हॅक’ म्हणून फिरतं.

रद्द करता येणारं बुकिंग करणं हा गुन्हा नाही. बेत बदलू शकतो, हे दूतावासांनाही माहीत असतं. पण राहायचं ठिकाण पहिल्यापासून ठरलेलं असताना दुसरंच दाखवणं ही अर्जातली खोटी माहिती आहे. एजंटनं दिलेलं बनावट बुकिंग तर सरळ खोटा कागद. ब्रिटनच्या नियमांत अर्जात फसवणूक आढळली तर १० वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. पंधरा दिवसांच्या सहलीसाठी ही जोखीम अजिबात परवडणारी नाही. उद्या मुलीला तिथे शिकायला पाठवायचं असेल तेव्हा ‘याआधी व्हिसा नाकारला होता का?’ हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

पकडलं जाण्याची जागाही नेहमी दूतावासच असते असं नाही. विमानतळावर अधिकारी विचारतो, ‘कुठे राहणार?’ बाबा हॉटेलचं नाव सांगतात. शेजारी उभी आजी बॅगेतून मित्राच्या पत्त्याची चिठ्ठी काढते.

ज्यांना मित्राला कागदांच्या फेऱ्यात पाडायचं नाही, त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे. खरोखर स्वस्त हॉटेलात राहायचं आणि मित्राकडे जेवायला, गप्पांना जायचं. हे कमीपणाचं नाही. मोठ्या शहरातल्या छोट्या घरात पाच माणसं आणि एक बाथरूम, हे गणित दोन्ही बाजूंना तिसऱ्या दिवशी जड जातंच.

पगाराची स्लिप मागायची कशी?

हा प्रश्न कुठल्याच दूतावासाच्या यादीत नसतो, पण कित्येक बेत इथेच अडतात. वीस वर्षांच्या मित्राला ‘तुझं बँक स्टेटमेंट पाठव’ म्हणायचं कसं? आणि पलीकडचाही संकोचतो. घराचं कर्ज, नोकरी गेलेली, घरमालकाची परवानगी नाही, हे त्याला सांगायचं नसतं. मग तो ‘बघतो’ म्हणतो, आणि दोन आठवडे मेसेजवर नुसत्या निळ्या टिका दिसतात.

त्यापेक्षा पहिल्याच फोनवर विचारलेलं बरं: ‘तुमच्याकडे पाहुणा ठेवायला काय कागद लागतात? जमत नसेल तर आम्ही हॉटेल बघतो.’ खर्च आपण करणार असू तर अर्जात तसंच लिहावं. मग मित्राकडून बहुतेक ठिकाणी फक्त राहण्याची सोय सिद्ध करणारे कागद लागतात, उत्पन्नाचे कमी. फ्रान्ससारख्या देशात मात्र ते टळत नाहीत.

आजी-आजोबा सोबत असतील तर विम्याचं बघणं जास्त महत्त्वाचं. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे, पण अनेक स्वस्त पॉलिसींमध्ये आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार धरलेला नसतो. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही, आणि दवाखाना सगळ्यात महाग तिथलाच. दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर पहिला फोन मित्रालाच जातो. हमीपत्रावर सही त्याची असेल तर बिलाचा ताणही त्याच्याच डोक्यावर.

आणि बॅगेतला सावजी मसाला?

मित्राकडे रिकाम्या हातानं कोण जातं! नागपूरहून निघताना संत्री, संत्रा बर्फी, सावजी मसाला, दिवाळी असेल तर अनारसे, हे ठरलेलंच.

यूएईत खसखशीला बंदी आहे. ती अमली पदार्थांच्या नियमांत मोडते. सिंगापूरमध्येही तिच्यावर कडक निर्बंध आहेत. सावजी मसाल्यात अनेकदा खसखस असते आणि अनारशांवर तर ती वरूनच लावलेली असते. दुबईतल्या मित्रासाठी या दोन्ही गोष्टी घरीच ठेवाव्यात. हा विनोदाचा विषय नाही, तिथले अमली पदार्थांचे कायदे अतिशय कडक आहेत.

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप आणि पनीर बाद. मिठाईला काही सवलती आहेत, पण खव्याच्या बर्फीकडे कस्टम अधिकारी कसा बघेल याचा भरवसा धरू नये. ताज्या फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट आहे ती केळी, अननस, नारळ, ड्युरियन आणि खजुरांना. संत्र्यांना नाही. मित्राला कितीही आठवण येत असली तरी नागपुरी संत्री खायला त्यालाच इकडे यावं लागेल.

तोच मित्र नागपूरला आला तर?

तो एव्हाना फ्रेंच किंवा जर्मन नागरिक झालेल्या एखाद्या सहकाऱ्याला घेऊन आला, दोघं तुमच्या घरी उतरले, तर नियम भारतातही आहे. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्यानं, मग ते हॉटेल असो, धर्मशाळा असो किंवा साधं घर, ठरावीक फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरून २४ तासांत माहिती द्यायची असते. १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, त्यातही ही जबाबदारी कायम आहे. फॉर्म ऑनलाइन भरता येतो. पाहुण्याच्या पासपोर्टचा आणि व्हिसाचा तपशील, फोटो आणि तुमच्या घराचा पत्ता एवढं हाताशी लागतं.